वावरात उभं विमान

वैजनाथराव वीज कंपनीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. औंढा नागनाथमध्ये त्यांच्या गल्लीत कुणाच्या घरचा पंखा हळू फिरायला लागला, तर वैजनाथरावांना विचारल्याशिवाय तो दुरुस्तीला द्यायचा नाही असा रिवाज होता. हा रिवाज वैजनाथरावांनी स्वतःच पाडलेला होता. त्यामुळे सख्ख्या भाचीचं विमान जवळच्या तांड्यावरच्या वावरात उतरलं, आणि तेही विजेच्या बिघाडामुळे, असा फोन आला तेव्हा त्यांना काळजी वाटली हे खरं. पण काळजीच्या पाठोपाठ आणखी जे काही वाटलं, ते त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, बरोबर ओळखलं.

"लेकरू आभाळातून खाली आलंय," त्या म्हणाल्या, "अन् तुमी पान्हे शोधून राहिले."

"ती सुखरूप आहे म्हणून तर पान्हे शोधतोय," वैजनाथराव म्हणाले, आणि स्कूटरची डिकी भरायला लागले.

भाचीचं नाव प्रतिक्षा. ती एका उड्डाण क्लबात नोकरीला होती आणि तिच्याकडे दोन लायसन्स होती, एक विमान उडवायचं आणि एक दुरुस्त करायचं. विमान म्हणजे दोन माणसांचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, आकाशात कोलांट्या मारायला बनवलेलं. ते घेऊन ती नांदेडहून संभाजीनगरकडे निघाली होती. वाटेत अल्टरनेटर बंद पडला. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करणारं यंत्र. मोटारीत असतं तेच, फक्त विमानातलं जरा खानदानी. तो गेला की बॅटरी संपते आणि बॅटरी संपली की रेडिओ मुका होतो. इंजिन चालत राहतं, पण मुक्या रेडिओनं मोठ्या विमानतळावर जायची सोय नसते. खाली पाहिलं तर सोयाबीन काढून, हरभऱ्यासाठी रोलर फिरवून ठेवलेलं रतनसिंगचं लांबलचक वावर दिसलं. तिनं उतरवलं.

रतनसिंग बांधावर ट्रॅक्टरपाशी उभा होता. तो शांतपणे चालत विमानापाशी गेला आणि काच उघडून बाहेर येणाऱ्या प्रतिक्षाला म्हणाला, "ताई, वाट चुकली का?"

वैजनाथराव पोचले तेव्हा अर्धा तांडा वावरात होता. रतनसिंगची बायको मिराबाई हिनं विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं होतं, आणि कुणीतरी चाकापुढं नारळ फोडल्यामुळे त्या चाकाला मुंग्या लागल्या होत्या. प्रतिक्षानं मामांच्या पाया पडून झाल्यावर सांगितलं, की क्लब नवा अल्टरनेटर पार्सलनं पाठवतोय, बसवायचं काम ती स्वतः करणार आहे, फक्त हाताशी एक माणूस लागेल.

"माणूस आला," वैजनाथराव म्हणाले. "व्होल्टेज किती?"

"बारा-चौदा, मामा."

वैजनाथरावांना हसू आवरेना. ज्या माणसानं उभी हयात अकरा हजारांच्या लाइनीखाली काढली, त्याच्यासमोर बारा. "त्याला करंट न्हाई म्हणत बाई," ते म्हणाले, "ती गुदगुली."

पण अल्टरनेटरच्या आधी सरकार आलं. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विमानाला एक फेरी मारली आणि कागद काढला. कागदावर शेळी, गोठा, विहीर, वीज पडून नुकसान या सगळ्यांची सोय होती, विमानाची नव्हती. साहेबांनी वाहनाचा रकाना धरला. चाकं किती विचारलं. प्रतिक्षानं तीन सांगितली. माणसं किती बसतात विचारलं. दोन.

"म्हणजे रिक्षापेक्षा कमीच," साहेब म्हणाले आणि लिहून मोकळे झाले.

खरा पेच उडायच्या परवानगीत निघाला. विमानखात्याचं सगळं क्लबनं फोनवर फोन करून उरकलं. दिल्लीची परवानगी आली, जवळची येईना. वैजनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून तहसील कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कनं त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. निम्म्यात तोडलं असतं तर वैजनाथरावांना कमी लागलं असतं.

"उडायची परवानगी देता येईल," क्लार्क म्हणाला. "उतरायच्या परवानगीची प्रत जोडा."

"उतरायची परवानगी घेतली नव्हती. अचानक उतरलं."

"मग जे उतरलंच न्हाई, ते उडवायची परवानगी कशी देणार?"

"उतरलंय हो. तिकडं वावरात उभं आहे."

"आमच्या हिशेबी न्हाई उतरलं," क्लार्क म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हेच वैजनाथरावांना जास्त लागलं. आपल्या नोकरीत आपणही लोकांना अगदी अशाच गोड आवाजात परत पाठवलं होतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तो विचार तिथंच दाबला.

त्या दिवसांत गल्लीत त्यांना फिरणं मुश्किल झालं. शेजारचे संतराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, भूगोलाचे. त्यांचं म्हणणं, अल्टरनेटर पाहिजेच काहून? बैलगाडी हजारो वर्षं चालली तिला कुठं होता? पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं मत पडलं की पट्टा ढिला झाला असेल, राळ टाकून बघा. औषधाच्या दुकानात एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "साहेब, जीपचा बसतो." हा माणूस विमानात तर सोडाच, जीपमध्येसुद्धा मागच्या पायरीवर उभा राहून गेलेला.

रतनसिंग मात्र काहीच सल्ला देत नव्हता. त्यानं विमान आणि त्याच्यापुढची लांब पट्टी तेवढी सोडून बाकीच्या वावरात हरभरा पेरून टाकला होता. पट्टी तशीच पडून होती आणि रोजच्या उन्हानं तिची ओल उडत होती. वैजनाथराव गेले की तो वाकून मूठभर माती उचलायचा, दाबायचा आणि सोडून द्यायचा.

"साहेब, घाई न्हाई," तो म्हणायचा. "पाहुणी आहे. पण ओल माझ्या घरची न्हाई, ती थांबत न्हाई."

शेवटी परवानगीचा गुंता त्याच क्लार्कनं सोडवला. त्यानं वैजनाथरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की उडवायला परवानगी लागते, पण शेतातला अडथळा हटवायला लागत नाही. रतनसिंगनं अर्ज द्यावा की पेरणीला अडथळा होतोय. अर्ज गेला. आणि मोठ्या साहेबांच्या सहीचा आदेश आला की सदर अडथळा संबंधितांनी योग्य त्या मार्गानं तात्काळ हटवावा. संबंधित म्हणून खाली नाव होतं: वैजनाथराव, अडथळ्याचे नातेवाईक.

"योग्य तो मार्ग म्हणजे वरचा," क्लार्कनं समजावून सांगितलं.

आता फक्त अल्टरनेटर यायचा होता. तो ट्रॅव्हल्सच्या गाडीनं वारंगा फाट्यावर उतरवणार होते. वैजनाथराव संतराम गुरुजींना सोबतीला घेऊन गेले. गाडी येऊन गेली होती. पार्सल कुठंय विचारल्यावर चहावाल्यानं समोर बोट दाखवलं. खोक्यावर अल्टरनेटर असं छापलेलं पाहून गाडीच्या क्लीनरनं माणुसकीच्या नात्यानं ते अल्टरनेटरच्या दुकानात नेऊन दिलं होतं.

दुकानदार जीपखाली आडवा होता. जीपमध्ये सेनगावची माणसं खच्चून बसलेली होती. गाडी नादुरुस्त झाली म्हणून कुणी जागा सोडून उतरलं नव्हतं. खोकं उघडं, आणि विमानाचा तो चकचकीत अल्टरनेटर दुकानदाराच्या छातीवर.

"बसून न्हाई राहिला," तो खालूनच म्हणाला. "कंपनीनं भोकं बदलली वाटतं."

"तो विमानाचा आहे," वैजनाथराव म्हणाले.

दुकानदार बाहेर आला. त्यानं अल्टरनेटर दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिला. "तरीच," तो म्हणाला. "मला वाटलंच, हात लावला की थंड लागते वस्तू." त्यालाही दोन दिवसांपासून अशाच खोक्याची वाट होती, दोष कुणाचाच नव्हता. तो देऊन टाकायला तयार झाला. तयार नव्हती ती जीप. पुढच्या सीटवर मंजुळाबाई नावाची एक म्हातारी मांडीवर पिशवी धरून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला.

"विमानाचा असू द्या. सेनगावपर्यंत लावा, मंग काढून न्या. त्याला काय घासते?"

जीपभर माणसांना हे पटलं. संतराम गुरुजींनाही पटायला लागल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, तेव्हा वैजनाथरावांनी अल्टरनेटर उचलला, खोक्यात घातला आणि खोकं पोटाशी धरून जी वाट धरली ती थेट परतीच्या गाडीत बसेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. प्रतिक्षानं नंतर तो उलटसुलट तपासला. कुठं वायर जोडली नव्हती, कुठं घासला नव्हता. चालेल म्हणाली.

मग बसवायचा दिवस उजाडला. तांड्यावर भजीची गाडी लागली. विमानाच्या नाकावरचं झाकण निघालं. अल्टरनेटरचा पट्टा नाकापुढच्या फिरत्या पंख्याच्या मागून जात असल्यामुळे आधी पंखाच उतरवावा लागला. तो उतरवून रतनसिंगच्या बाजेवर गोधडी घालून ठेवला, आणि विमान भंगारात दिलं अशी बातमी दुपारच्या आत औंढ्यात पोचली.

वैजनाथराव बाह्या सारून तयार होते. प्रतिक्षा विमानाच्या नाकात डोकं घालून म्हणाली, "मामा, टॉर्च धरा."

त्यांनी टॉर्च धरली. ऊन असं पडलं होतं की टॉर्चचा उजेड दिसत नव्हता. समोर संतराम गुरुजी, गिरणीवाला, भजीवाला आणि सगळा तांडा. ज्या हातानं उपकेंद्रं चालू केली तो हात आता टॉर्च धरून होता, आणि मधूनमधून "जरा डावीकडं, मामा" असं ऐकत होता. त्यांनी एकदा वायरीचा पीळ मारून पक्का जोड करून दाखवला, असा की दोन बैल लावले तरी सुटणार नाही. प्रतिक्षानं तो कौतुकानं पाहिला आणि कात्रीनं कापला. विमानात पिळाचा जोड चालत नाही, म्हणाली. थरथरीनं तुटतो, टोकाला दाबून बसवलेली कडीच पाहिजे.

वैजनाथरावांनी टॉर्च पुन्हा उचलली. पण त्यांचं गप्प बसणं प्रतिक्षाला लहानपणापासून माहीत होतं.

"मामा," ती थोड्या वेळानं म्हणाली, "अर्थिंगचं काम तुमी करा. ही वायर विमानाच्या सांगाड्याला जिथं बसते ना, ती जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करायची, अन् बोल्ट कसायचा. हे नीट झालं तरच बाकीचं."

अर्थिंग. वैजनाथरावांच्या चेहऱ्यावर तेज परतलं. त्यांनी टॉर्च गुरुजींच्या हातात दिली. ती जागा त्यांनी अशी घासली की तिच्यात त्यांना स्वतःचं नाक दिसलं. प्रतिक्षा तेव्हा पलीकडं लिंबाखाली फोनवर होती. आणि इथं वैजनाथरावांना वाटलं, की उघडा धातू असाच ठेवला तर हवेनं गंज धरेल. डिकीत मोटारीच्या वाइंडिंगला लावायच्या व्हार्निशची बाटली होती. पाण्यासारखं आरपार, लावलेलं दिसतही नाही. त्यांनी लावलं, उन्हात वाळू दिलं आणि मग वायर बसवून बोल्ट कसला.

पट्टा ताणून झाला. पंखा परत चढला, बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना तार गुंफून झाली. बॅटरी मामांच्या घरून भरून आणलेली होती. प्रतिक्षा आत बसली, लोकांना लांब केलं, आणि इंजिन सुरू झालं. पहिल्याच झोतात गुरुजींची टोपी हरभऱ्यात गेली, भजीवाल्याचे सगळे कागद तिच्या मागं गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजनाथरावांनी हात जोडून त्या स्वीकारल्यासुद्धा.

इंजिन बंद झालं. प्रतिक्षा खाली उतरली.

"चार्जिंग न्हाई होऊन राहिलं, मामा. सुई हललीच न्हाई."

तिनं मीटर काढला. जाड वायर बघितली, बारीक वायर बघितली, स्विच, फ्यूज, सगळं पुन्हा पहिल्यापासून. सगळं बरोबर. ऊन चढलं. मग ती अल्टरनेटरवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली की याच्यातच आतून काही झालं असेल. हा परत पाठवून दुसरा मागवावा लागेल.

रतनसिंगनं वाकून माती उचलली. मुठीत दाबली. मूठ उघडल्यावर ती बोटांतून पिठासारखी सांडली. तो मिराबाईकडं बघून बांधावर जाऊन बसला. कुणाला दोष द्यायची त्याची रीत नव्हती, आणि म्हणून वैजनाथरावांना तो देणं भाग पडलं.

"वारंगा फाटा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तिथंच बिघडवला. जीपला लावून पाहत होते राव, काय राहणार त्याच्यात?" गुरुजींनी साक्ष दिली. गर्दीनं फाट्यावरच्या दुकानदाराचा एकमतानं निषेध केला.

तेवढ्यात द्वारकाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून त्यांनी भाकरी मोडली आणि नवऱ्याच्या हातावर दिली. देता देता थांबल्या.

"तुमच्या हाताला व्हार्निशचा वास कसा काय येऊन राहिला?"

"येतो," वैजनाथराव म्हणाले. "जेवू दे."

प्रतिक्षाचा घास हातातच राहिला. "कुठं लावलं व्हार्निश, मामा?"

वैजनाथरावांनी भाकरीकडं पाहिलं. करंटला पलीकडं जाऊ द्यायचं नसलं की लावतात ते व्हार्निश. ही गोष्ट त्यांनी कित्येक शिकाऊ पोरांना टेबलावर हात आपटून शिकवली होती. ती त्यांना आत्ता, घास चावता चावता, नव्यानं समजली.

"अर्थिंगच्या बोल्टखाली," ते म्हणाले.

"किती?"

"दोन हात दिले."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. संतराम गुरुजींनी टोपी काढून झटकली. प्रतिक्षा मीटर उचलून गेली आणि तिनं तो त्या एका जागी लावला. बाकी सगळ्या जागा तिनं दोनदा तपासल्या होत्या; ही एकच तपासली नव्हती, कारण ती मामांनी केलेली होती. हे तिनं सांगितलं नाही. पण वैजनाथराव विजेचे माणूस होते, ते त्यांना कळलं, आणि व्हार्निशपेक्षा ते जास्त झोंबलं.

"मी काढतो," ते उठत म्हणाले.

"जेवा तर आधी," प्रतिक्षा म्हणाली.

ते जेवले नाहीत. पॉलिश पेपर घेऊन बसले आणि घासलं. घाम नाकावरून टपकायला लागला तेव्हा द्वारकाबाई जवळ येऊन पदरानं पुसून गेल्या. जागा पुन्हा चकचकीत झाली. या खेपेला त्यांनी प्रतिक्षाला हाक मारली, "बाई, मीटर लाव." तिनं लावला. मग म्हणाली, "बराबर आहे मामा. कसा आता बोल्ट." त्यांनी कसला. तिनंही पान्हा लावून पाहिला. बोल्ट तसूभरही हलला नाही.

"विमानात दोन माणसांनी बघायचंच असतं," ती म्हणाली. "मी केलेलं काम पण दुसरं कुणी बघते."

हे खरं होतं की मामांसाठी रचलेलं होतं, ते वैजनाथरावांनी विचारलं नाही.

इंजिन पुन्हा सुरू झालं. या वेळी टाळ्या नाहीत. सगळे काचेच्या मागच्या प्रतिक्षाकडं बघत होते. तिनं आतून अंगठा वर केला. सुई चढली होती. रतनसिंग बांधावरून उठला आणि कुणी सांगायच्या आत पट्टीवरची माणसं, शेळ्या आणि भजीची गाडी हटवायला लागला.

प्रतिक्षा पुन्हा उतरली, मामा-मामींच्या पाया पडली, मिराबाईनं दिलेली तिळाची चटणी आणि भाकरी सीटमागं ठेवली. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसदादांनी पट्टीच्या टोकाला उभं राहून शिट्टी वाजवली, ती विमानासाठी की स्वतःच्या समाधानासाठी कळलं नाही. विमान उड्या घेत पळालं, शेपूट उचललं, आणि हरभऱ्याच्या ओळींवरून वर गेलं. एवढ्या सहज, की इतक्या दिवसांचा गोंधळ नेमका कशासाठी होता असं बघणाऱ्याला वाटावं.

"उडालं," रतनसिंग म्हणाला. आणि लगेच ट्रॅक्टरकडं वळला. राहिलेल्या पट्टीत हरभरा नको, करडई टाकू, तिला ओल कमी चालते, असं त्यानं मिराबाईला चालता चालता सांगितलं.

विमान सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला लहान होत गेलं. मग खूप उंचावर गेल्यावर ते हळूच एका कुशीवर झालं, आणि तसंच पुढं पूर्ण उलटं झालं. चाकं वर, काच खाली. तांड्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"पलटलं," गुरुजी म्हणाले.

"पलटलं न्हाई," वैजनाथराव म्हणाले. आवाज अगदी साहेबाचा होता. "ते विमान त्यासाठीच बनवलंय. चाचणी आहे ती. उलटं झाल्यावर पण सुई जागेवर राहते का, हे बघून राहिली." असं काही प्रतिक्षानं सांगितलेलं नव्हतं. पण सांगता सांगता त्यांना आठवत होता तो एकच बोल्ट, आता उलटा लटकत असलेला, त्यांनी कसलेला. तो बोल्ट सरळ होईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

विमान फिरून सरळ झालं. ऊन पंखावर एकदा चमकलं आणि ते दिसेनासं झालं. लोक पांगायला लागले. भजीवाल्यानं कढई उतरवली. ट्रॅक्टर सुरू झाला. वैजनाथराव तिथंच उभे होते, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की विमान उलटं झालं तेव्हा त्यांनी द्वारकाबाईंचा हात धरला होता. भर वावरात, सगळ्या तांड्यादेखत. लग्नात धरला असेल तेवढाच.

द्वारकाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "सोडा आता," त्या हळूच म्हणाल्या. "मिराबाई चहा घेऊन येऊन राहिली."

"येऊ दे," वैजनाथराव म्हणाले.